कॅनडाची अल्गोरिदम प्रश्नावली: स्पष्टीकरणाचे नियम उत्तम, १५ टक्क्यांची सवलत घातक

कॅनडाच्या केंद्र सरकारच्या खात्याला लोकांच्या अर्जांवर निर्णय घ्यायला स्वयंचलित प्रणाली आणायची असेल, तर आधी 'अल्गोरिदमिक इम्पॅक्ट असेसमेंट' ही ऑनलाइन प्रश्नावली भरावी लागते. १ एप्रिल २०२० पासून ही सक्ती आहे. प्रश्नावली मोफत आहे, तिचा सोर्स कोडही खुला आहे. आराखडा ठरवतानाच ती भरायची, प्रणाली सुरू करण्याआधी पुन्हा भरायची आणि निकाल इंग्रजी-फ्रेंचमध्ये सरकारी पोर्टलवर टाकायचा.

प्रश्नावलीतल्या गुणांवरून प्रणालीच्या धोक्याची पातळी ठरते: २५ टक्क्यांपर्यंत पहिली, ५० पर्यंत दुसरी, ७५ पर्यंत तिसरी, त्यापुढे चौथी. पहिल्या दोन पातळ्यांत यंत्राने परस्पर निर्णय दिला तरी चालतो. तिसरीपासून अंतिम निर्णय माणसानेच घ्यायचा.

मेख इथेच आहे. धोका कमी करण्याच्या उपायांना ८० टक्के गुण मिळाले, की धोक्याच्या गुणांत १५ टक्के सूट मिळते. म्हणजे ५५ टक्क्यांची प्रणाली सरळ दुसऱ्या पातळीवर उतरते आणि माणसाच्या निर्णयाची अट गळून पडते. त्यात उत्तरं भरणारं खातं तेच, ज्याला प्रणाली हवी आहे. ही सूट काढूनच टाकायला हवी.

स्पष्टीकरणाचा भाग मात्र मनापासून आवडावा असा. अशा प्रणालींच्या नियमांत २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर खात्याला अर्जदाराला सांगावं लागतं: निर्णयात प्रणालीचा वाटा काय, माहिती कोणती वापरली, निकष कोणते, यंत्राने काय उत्तर दिलं, त्याचा अर्थ कसा लावला आणि कोणत्या मुख्य कारणांमुळे निर्णय असा झाला. 'अर्ज निकषांत बसत नाही' एवढ्यावर भागत नाही.

आपल्याकडच्या अनेक घरांशी याचा थेट संबंध आहे. कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसाच्या अर्जांची यंत्राने वर्गवारी करण्याचा प्रयोग २०१८ मध्ये भारत आणि चीनच्या ऑनलाइन अर्जांपासूनच सुरू झाला. साध्या, सरळ अर्जांची पात्रता यंत्र मान्य करू शकतं. नकार मात्र अधिकारीच देतो. म्हणून आईवडिलांचा व्हिसा नाकारला गेला, तर छापील पत्रावर थांबू नका. कॅनडात राहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने त्यांचं संमतिपत्र जोडून, ५ डॉलर भरून, तिथल्या माहिती अधिकाराखाली अधिकाऱ्याच्या नोंदी मागवाव्यात. पुन्हा अर्ज करायचा तो त्या वाचूनच.