जपानी बोलायचा एआयवाला ॲप : पैसे टाकायच्या आधी हे वाचा

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी तीन, आणि तेसुद्धा तुमचं एन-४ (जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची पाचांतली खालून दुसरी पायरी) तरी झालं असेल तर. हिरागाना-काताकाना ही जपानी अक्षरंच अजून गिरवत असाल तर एवढ्यात घेऊच नका, क्लासला जा. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, असे बरेच आलेत आणि साधारण सगळे एकाच छापाचे आहेत, म्हणजे एक एआय बाई तुमच्याशी जपानीत गप्पा मारणार, तुम्ही माईकमध्ये उत्तर द्यायचं, मग ती तुमचं वाक्य स्क्रीनवर लिहून दाखवणार, चुका लाल करणार, वर टक्के देणार. मी घेतलेल्याचा वर्षाचा प्लॅन होता.

घ्यावासा का वाटला तर पुण्यात जपानी शिकलेले लोक पैशाला पासरी आहेत, रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिमवि (टिळक महाराष्ट्र विद्यापीठ) आहे, गल्लोगल्ली घरगुती क्लास आहेत, जुलै आणि डिसेंबरमध्ये जेएलपीटीला हीऽऽ गर्दी असते, पण या जेएलपीटीत बोलायची परीक्षाच नाही ना. शब्द-व्याकरण, वाचन, ऐकणं, सगळे गोल काळे करायचे आणि घरी यायचं. १८० पैकी ९० पडले (आणि प्रत्येक भागात किमान १९) की तुम्ही एन-२ पास, तोंडातून एक शब्द न काढता! त्यामुळे सर्टिफिकेट भिंतीवर आणि क्लायंटचा कॉल आला की म्यूटवर, असे कितीतरी जण आमच्याकडे आहेत. घरात कोणी जपानी बोलणारं नाही, ऑफिसात एकमेकांशी बोलायला लाज वाटते, मग उरतो मोबाईल.

आता चांगलं काय ते. तोंड सुटतं. हे मी मनापासून सांगते, आणि तीनपैकी अडीच स्टार याचेच आहेत. माणसासमोर अडखळलं की आपण इंग्लिशवर उडी मारतो, इथे समोर कोणीच नाही म्हणून तेच वाक्य गॅलरीत उभं राहून पुन्हा पुन्हा म्हणता येतं, चुकलं तरी कोणी बघत नाही (शेजारचे काका सोडून). ताबेमास्, ताबेमाश्ता, ताबेताकुनाइ (खाते, खाल्लं, खायचं नाहीये) ही रूपं डोक्यात होतीच, ती आता विचार न करता बाहेर पडायला लागली. आणि त्या बाईचा उच्चार खरंच स्वच्छ आहे, देसु मधला उ कसा गिळायचा, शिता चं श्ता कसं होतं, हे ऐकून ऐकून जिभेवर बसतं.

पण ॲप बनवलाय इंग्लिशवाल्यांसाठी आणि ते पदोपदी जाणवतं. त्सु कसा म्हणायचा यावर अख्खा एक धडा आहे, स्किप करता येत नाही. अहो, तो आपल्या चमच्यातला च आहे, जरा ओठ आवळून म्हणायचा, झालं! तसंच जपानी न. पुढे ब आला की त्याचा म होतो, शिनबुन लिहिलं तरी शिम्बुन म्हणायचं, पुढे क-ग आला की तोच नाकात जातो. याच्यावरही व्हिडिओ, आकृती, क्विझ. आंबा, अंगण म्हणणाऱ्या माणसाला हे काय शिकवायचं? अनुस्वार आहे तो. र पण आपलाच, जोडाक्षरं पण आपल्याला नवीन नाहीत, त्यामुळे कित्ते, गाक्को सहज येतं, वाक्यात क्रियापद शेवटी हेही आपलंच. ते जपानी अक्षरांच्या क्रमाचं आ-का-सा-ता-ना-हा-मा सुद्धा आपल्या वर्णमालेवरून बेतलेलं आहे, बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तिकडे पोचलेलं. पहिले काही आठवडे असे फुकट जातात, पैसे मात्र चालू.

आणि जिथे आपण खरंच मार खातो तिथे हा ॲप गप्प. ऱ्हस्व-दीर्घ! आपण ते शाळेत शुद्धलेखनाचे मार्क जाऊ नयेत म्हणून पाळलं, बोलताना कोण पाळतं? जपानीत पाळावं लागतं. मी मुद्दाम टेस्ट केली, बीरु ओ निहोन कुदासाइ म्हणजे बिअरच्या दोन बाटल्या द्या, तर बीरु च्या जागी तोडून बिरु म्हटलं, म्हणजे बिल्डिंग. पठ्ठ्याने नव्वदच्या वर टक्के दिले, वर हिरवी टिकमार्क. का, तर त्याचं मशीन वाक्यावरून अंदाज बांधतं, हॉटेलात बसून दोन बिल्डिंगा कोण मागेल, म्हणून ते स्वतःच बिअर लिहून मोकळं होतं. खरा वेटरही सांभाळून घेईल हो, पण मग टक्के कसले देता? सुरांचं तर विचारूच नका. हाशि मध्ये हा वर चढवला तर चॉपस्टिक आणि शि चढवला तर पूल (तोक्योच्या बोलीत, ओसाकाकडे बरोब्बर उलटं), ॲपला दोन्ही सारखंच.

याच्यावर दोन फुकटातले उपाय आहेत ते लिहून ठेवते. एक, फोनच्या कीबोर्डला जपानी भाषा जोडा, व्हॉइस टायपिंग चालू करा आणि वाक्य न बोलता फक्त एकेक सुटा शब्द बोला, मग त्याला अंदाज बांधायला मागचंपुढचं काही मिळत नाही आणि तुम्ही जे बोललात त्याच्या बरंच जवळचं उमटतं. शंभर टक्के भरवसा नाही पण ॲपच्या टक्क्यांपेक्षा बरं. दोन, ओजॅड म्हणून तोक्यो विद्यापीठातल्या लोकांनी केलेली उच्चारांची ऑनलाइन डिक्शनरी आहे, त्यात सुझुकी-कुन नावाचं एक टूल आहे, जपानी वाक्य पेस्ट केलं की सूर कुठे चढतो कुठे उतरतो त्याची रेघ काढून देतं आणि वाचूनही दाखवतं. ते ऐकायचं, स्वतःचं रेकॉर्ड करायचं, दोन्ही लागोपाठ लावायचं. स्वतःचा आवाज ऐकणं म्हणजे शिक्षा आहे पण उपयोग होतो.

आता खरी तक्रार. या बाईला गप्पा मारता येत नाहीत. बोलता येतं, गप्पा नाही.

रेस्टॉरंटचा रोल-प्ले घ्या. मी शाकाहारी, तिकडे सुपातसुद्धा वाळवलेल्या माशाचा दाशि असतो, त्यामुळे हा धडा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. मी म्हटलं, निकु मो साकाना मो… आणि क्षणभर थांबले, कारण ताबेरारेमासेन जिभेवर यायला वेळ लागतो. तर हिने तेवढ्यात माझं वाक्य संपलं असं धरलं आणि आनंदाने भाजलेल्या माशाची थाळी सुचवली! जपानीत नकार शेवटी येतो, आपल्यासारखाच, मांस पण मासे पण… खात नाही, मग शेवटापर्यंत थांबायला नको? एऽतो, आनोऽ म्हणून वेळ काढला तर ते ती वाक्याचा भाग समजून लाल करते, आणि जपानी लोक तर दर वाक्याला एऽतो करतात. सेटिंग्जमध्ये खाली खोल कुठेतरी बटण दाबून धरून बोला असा पर्याय आहे, तो पहिल्याच दिवशी चालू करून टाका, थाळी येणं बंद होईल.

पण त्याने दुसरी गोष्ट सुटत नाही. जपानीत समोरचा बोलत असताना आपण मधेमधे हाइ, एऽ, सो देसु का करत राहायचं असतं, फोनवर तर जास्तच, नाहीतर तो बिचारा थांबून मोशिमोशि? करतो, लाइन गेली की काय म्हणून. आपणही फोनवर हं… बरं… हं करतोच की, शिकवायला नको. इथे मी हाइ म्हटलं रे म्हटलं की बाई अर्ध्या वाक्यात गप्प होते आणि माझी वाट बघते. मी पुन्हा हाइ, ती पुन्हा गप्प. बटणवाला मोड लावला तर तिला माझं हाइ ऐकूच जात नाही. म्हणजे तिच्याशी नीट बोलायचं तर पुतळ्यासारखं बसून ऐकायचं, आणि तीच सवय घेऊन क्लायंट कॉलवर गेलं की तिकडच्यांना वाटतं हिला काही कळत नाहीये. बोलायची प्रॅक्टिस देणाऱ्या ॲपने ऐकायची पद्धत बिघडवावी, याला काय म्हणायचं?

बारीकसारीक अजून आहे. उदाहरणाच्या वाक्यांत अनाता, अनाता (म्हणजे तुम्ही, तुम्ही) चाललंय, प्रत्यक्षात लोक नावाला सान लावून बोलतात, तोंडावर अनाता म्हटलं तर कानाला खटकतं. बिझनेस पॅक वेगळा विकत घ्यावा लागतो आणि त्यात इताशिमास्, ओसेवा नि नात्ते ओरिमास् अशी ऑफिसातली अदबीची वाक्यं पोपटासारखी म्हणून घेतात, पण एखादा फोन आला, ज्याच्यासाठी आलाय तो जागेवर नाही, तर काय बोलायचं हे कुठेच नाही. आणि कसंही बोला, शेवटी सुबाराशी (फारच छान)! म्हणून फुलं उधळणार.

मग घ्यावा का? एन-४, एन-३ झालंय, बोलायला भीती वाटते, तर महिन्याचा प्लॅन घ्या आणि दोनतीन महिने रोज थोडं थोडं बडबडा, भीती नक्की जाते. वर्षाचा घेऊ नका. उरलेल्या पैशात आठवड्यातून एकदा अर्धा तास एखाद्या खऱ्या माणसाशी बोला, जपानी नाही मिळाला तर आपल्याच क्लासमधला सिनियर पकडा, तो निदान तुमचं हं हं ऐकून पुढे तरी बोलेल. ज्यांना नोकरीसाठी तिकडे जायचंय आणि हाताशी वेळ कमी आहे त्यांनी यावर अवलंबून राहू नये, एनएचके वर्ल्डचे जपानीचे धडे फुकट आहेत, हिंदीतूनही आहेत, आणि त्यातले संवाद जास्त माणसांसारखे आहेत.

आणि हो, फ्री ट्रायल घेताना यूपीआय ऑटोपे चालू करायला लावतात. फोनवरून ॲप उडवला म्हणून मँडेट (पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी) जात नाही, ते यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन वेगळं कॅन्सल करावं लागतं. पैसे कापायच्या चोवीस तास आधी मेसेज येतो, यायलाच हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो ऑफर्सच्या ढिगात दिसत नाही, त्यामुळे ट्रायल सुरू केल्या दिवशीच कॅन्सल करून ठेवा. माझ्याकडे तरी ट्रायलचे उरलेले दिवस त्यानंतरही चालू राहिले.