बॅटरीचा हिरव्या मुठीचा कट-ऑफ: लहान खुंटाच्या गाडीला लावू नये

आमची गाडी ठाण्याला सोसायटीच्या तळघरात उभी असते आणि आम्ही दोघेही रोज लोकलने जातो, त्यामुळे ती आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात तर तीन-तीन आठवड्यांनी बाहेर निघते. गाडी बंद असली तरी घड्याळ, रिमोट लॉक आणि इंजिनचा संगणक थोडी वीज घेतच असतात. हा खर्च 30 मिलीअँपिअर धरला, तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास आणि तीन आठवड्यांत सुमारे 15 अँपिअर-तास होतो. आमच्या बॅटरीची क्षमताच 35 आहे. गणपतीला गावी जाण्यापूर्वी मी निगेटिव्ह टर्मिनलवर बसवायचा कट-ऑफ, म्हणजे बॅटरीचा जोड हाताने तोडायची कळ, ऑनलाइन मागवला, तो या हिशेबामुळे.

वस्तू साधी आहे. बॅटरीच्या खुंटावर (म्हणजे टर्मिनलवर) बसणारा एक क्लॅम्प, गाडीची वायर ज्यावर चढवायची तो दुसरा खुंट, आणि दोहोंना जोडणारी आट्याची हिरवी मूठ. मूठ सैल केली की जोड तुटतो आणि आवळली की पुन्हा जुळतो. पाना लागत नाही, हात काळे होत नाहीत आणि किंमत साडेतीनशे रुपये. पहिले दोन महिने मी तिच्यावर खूश होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

त्यानंतर एका रविवारी सकाळी मूठ आवळून चावी फिरवली, तर डॅशबोर्डचे सगळे दिवे लागले, हॉर्नही वाजला, पण सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) घेईना. बोनेटखालून नुसती टक-टक-टक. शेजाऱ्यांनी दुसऱ्या बॅटरीची वीज घ्यायची जंपर केबल आणली. लाल चिमटा पॉझिटिव्हला आणि काळा चिमटा नियमाप्रमाणे इंजिनच्या लोखंडाला लावल्यावर गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. जमलेल्या सगळ्यांनी बॅटरी उतरली असा निकाल दिला आणि मलाही तो पटला. बॅटरीच्या दुकानात तर कुठलीही चाचणी न करता नवी बॅटरी घ्या असे सांगण्यात आले. सुदैवाने मी पैसे दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा तशीच अडली, तेव्हा नाक्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले.

या गृहस्थांनी जे दहा मिनिटांत दाखवले, ते मला वस्तूपेक्षाही मोलाचे वाटते. त्यांनी व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरच्या दोन्ही पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवल्या, तेव्हा आकडा 12.5 व्होल्ट होता. मग मला चावी फिरवायला सांगितले. टक-टक झाली, पण आकडा पावणेबाराच्या खाली गेला नाही. "ताई, बॅटरी मेलेली असती तर हा आकडा नऊच्याही खाली कोसळला असता. इथे बॅटरीकडून कोणी करंट मागतच नाहीये," असे ते म्हणाले. यानंतर त्यांनी एक पिन निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी कट-ऑफच्या पलीकडे, वायरच्या क्लॅम्पवर ठेवली. चावी फिरवताच मीटरवर आठ-नऊ व्होल्ट उड्या मारू लागले. चांगल्या जोडावर हा आकडा एक-दोन दशांशाच्या वर जाता कामा नये. म्हणजे सेल्फसाठी निघालेला विजेचा बहुतेक दाब (व्होल्टेज) त्या हिरव्या मुठीतच खर्च होत होता.

दिवे मात्र का लागत होते, हे यावरून कळते. हेडलाइट नऊ-दहा अँपिअरवर भागवतात आणि खराब जोडातूनही तेवढा करंट निघून जातो. सेल्फला शंभराच्या पुढे लागतो, आणि शंभर अँपिअरला ओहमचा शंभरावा भागही एक व्होल्ट खातो. शेजाऱ्यांच्या केबलने गाडी सुरू झाली, तीसुद्धा बॅटरीला बळ मिळाल्यामुळे नव्हे, तर काळा चिमटा इंजिनला लागल्याने हा खराब जोड वाटेतून वगळला गेला म्हणून.

दोष नेमका कुठे होता, तेही त्यांनी कट-ऑफ उतरवून दाखवले. मोटारीच्या बॅटरीचे खुंट दोन मापांचे येतात: जाड प्रकारात निगेटिव्ह खुंट वरच्या टोकाला सुमारे 16 मिलिमीटरचा असतो, तर जपानी धर्तीच्या लहान बॅटरीत सुमारे 11 चा. आमची बॅटरी दुसऱ्या प्रकारची. कट-ऑफ जाड खुंटासाठी बनवलेला असून फरक भरून काढायला सोबत पत्र्याची एक चिरलेली कडी देतात. ती कडी निमुळत्या खुंटावर एकाच बाजूने टेकली होती आणि तेवढ्याच जागी शिशावर चकचकीत चरा दिसत होता. बाकीच्या भागावर पांढरट भुकटी धरली होती. जाहिरातीत "सर्व गाड्यांना चालेल" असे लिहिले आहे, ते सरळ चूक आहे.

खुंट गरम पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने धुऊन, पुसून आणि पॉलिश पेपरने घासून मूळ क्लॅम्प पुन्हा बसवला. त्याच चाचणीत आकडा 0.08 व्होल्ट आला, बॅटरीचा आकडा साडेदहापर्यंत उतरला आणि इंजिन सुरू झाले. वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. मजुरी दोनशे रुपये.

जाड खुंटाच्या बॅटरीवर, जिथे कडीची गरजच पडत नाही, तिथे ही वस्तू कदाचित नीट चालेल. पण निगेटिव्ह क्लॅम्पवर बॅटरीचा सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांना ती लावू नये, आणि इंजिन चालू असताना मूठ कधीही सोडू नये, कारण त्याने अल्टरनेटरचे (इंजिनवर चालून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचे) डायोड जाऊ शकतात. प्रत्येक वेळी घड्याळ नव्याने लावावे लागते आणि रिमोट चालत नसल्याने दार किल्लीने उघडावे लागते, हा त्रास वेगळाच.

आता लांब जायचे असले की मी दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह क्लॅम्प सैल करून बाजूला ठेवते. त्याला दोन मिनिटे लागतात. पाचपैकी दीड तारा, आणि तोही मूठ हाताला चांगली बसते म्हणून. विक्रेता वस्तू बदलून द्यायला तयार आहे, परंतु दुसरीही त्याच मापाची असेल असे त्यानेच कळवल्यामुळे मी पैसे परत मागितले आहेत.