लाइट गेली तरी हिरवे बटण आतच : सबमर्सिबलचे पॅनेल, नऊ महिन्यांनंतर

बोअरमध्ये पाण्याखाली बसणाऱ्या एक एचपीच्या सिंगल फेज मोटारीसाठी, म्हणजे सबमर्सिबलसाठी घेतलेले हे पॅनेल (मोटार चालू-बंद करायची पेटी) आमच्या लातूरच्या घरी नऊ महिने बिनतक्रार चालले आणि मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात त्याचा खरा दोष समजला. टाकी भरत असतानाच लाइट गेली, ती मध्यरात्री आली, आणि पहाटे पाहतो तर मोटार पाणी न फेकता जागीच अडून नुसती घूं घूं आवाज करत होती.

२०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे बोअर बंद पडणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. दुरुस्तीवाल्याने आवाज ऐकूनच मोटार जळाल्याचे सांगितले आणि २६० फुटांवरून ती काढून पुन्हा सोडण्याचे ४,५०० रुपये मागितले. नुसत्या अंदाजावर एवढे पैसे घालवणे मला पटले नाही. मेन स्विच बंद करून मोटारीच्या केबलच्या कॉमन, रनिंग आणि स्टार्टिंग अशा तिन्ही तारा सोडवल्या आणि मीटरने त्यांच्यातला रोध मोजला. कॉमन ते रनिंग ३ ओहम, कॉमन ते स्टार्टिंग ५.५ आणि रनिंग ते स्टार्टिंग ८.५ ओहम, पहिल्या दोन्हींची बेरीज तिसऱ्याशी जुळली, कोणतीही तार अर्थिंगलाही लागत नव्हती, म्हणजे वायंडिंग (मोटारीतल्या तारेचे वेढे) शाबूत होते. मग पॅनेलमधला रनिंगचा कंडेन्सर, म्हणजे मोटार चालताना जोडलेला राहणारा वीज साठवणारा डबा, बल्बच्या तारा टेकवून डिस्चार्ज (रिकामा) केला. त्याचा माथा फुगला होता आणि अंगावर ३६ मायक्रोफॅरड छापलेले असताना मीटर ११ दाखवत होता. १६० रुपयांच्या नव्या कंडेन्सरवर मोटार सुरू झाली.

दोषाचे मूळ मात्र चालू करायच्या हिरव्या बटणात आहे. मोटारीला सुरुवातीचा जोर देणारा स्टार्टिंगचा कंडेन्सर ते बोटाने दाबून धरले असतानाच जोडला जातो; बोट काढले की तो सुटतो, पण मोटारीची वीज चालू ठेवून बटण आत अडकते आणि लाइट गेल्यावरही बाहेर येत नाही. त्यामुळे लाइट परत येते तेव्हा मोटारीला वीज मिळते, पण तो जोर मिळत नाही. ती अडून तापते, ओव्हरलोड (जादा करंट झाल्यास वीज तोडणारे साधन) वीज तोडतो, थंड होऊन पुन्हा जोडतो, आणि हे रात्रभर चालते. कंडेन्सर त्यातच गेला, असे माझे ठाम मत आहे. लाइट जाताच आपोआप सुटणारा विजेवर चालणारा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, कंपनीने द्यायलाच हवा होता. ‘कंडेन्सर वॉरंटीत येत नाही’ हे त्यांचे फोनवरील उत्तर मला अजूनही खटकते.

त्या रागात मी सगळा दोष पॅनेलवरच टाकला होता, तो थोडा मागे घेतो. पूर्वी टाकीत १० सेकंदांत पडणारे पाणी आता ५० सेकंद घेते, म्हणजे खालचा एनआरव्ही (पाणी परत खाली जाऊ न देणारा वॉल्व्ह) गळतो आणि मोटार बंद असताना पाइप रिकामा होतो. ते उतरणारे पाणी पंप उलटा फिरवत असताना मोटार सुरू केली तर तिच्यावर ताण येतो, म्हणून बंद केल्यावर मी आता पाच मिनिटे थांबतो. व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर आजही अचूक आहेत, पत्र्याला गंज नाही. तरीही लाइट वारंवार जाते तिथे हे पॅनेल घेऊ नये.

आमच्याकडे पेटीच्या झाकणावर रंगाने लिहिले आहे : लाइट गेली की आधी लाल बटण.