किल्ल्यावरच्या चित्रांना पोस्टर कलर की ॲक्रिलिक?

यंदा दिवाळीच्या किल्ल्यासाठी पुण्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मावळ्यांची वगैरे मातीची कोरी चित्रं आणून घरीच रंगवायचं ठरवलं असेल, तर पहिला प्रश्न रंगाचा. पोस्टर कलर बहुतेक घरात असतातच, ॲक्रिलिकसाठी अप्पा बळवंत चौकात फेरी मारावी लागते. दोन्ही पाण्यातच कालवायचे, मग फरक काय? तो वाळल्यावर कळतो.

पोस्टर कलर वाळला तरी पाणी लागलं की पुन्हा सुटतो. ॲक्रिलिक एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही. किल्ल्याच्या बाबतीत माझ्या मते इथेच निम्मा निकाल लागतो, कारण अळीव किंवा मोहरी उगवावी म्हणून आपण रोज पाणी शिंपडतो. माझ्या पुतणीने दोन संध्याकाळी खपून एक मावळा रंगवला होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या पगडीचा लाल रंग पांढऱ्या अंगरख्यावर ओघळला. तिचा उतरलेला चेहरा बघवत नव्हता.

उरलेला निकाल छटांमध्ये लागतो. दोन-तीन इंचांच्या चित्रावर कापडाच्या चुण्या इतक्या उथळ असतात की त्यांची सावली पडतच नाही, ती रंगवावी लागते. त्यासाठी आधी मूळ रंग ताकाइतका पातळ करून दोन हात द्यायचे. तो वाळला की त्याच रंगाची गडद छटा कोऱ्या चहाइतकी पातळ करून वरून सोडायची. ती आपसूक खाचांत जाऊन बसते. शेवटी खांदा, गुडघा, पगडीचे पीळ अशा उंचवट्यांवर फिकट रंगाचा हलका हात. ॲक्रिलिकवर हे सहज होतं. पोस्टर कलरवर दुसरा ओला हात दिला की खालचा थर उठतो आणि चिखल होतो. सावलीसाठी काळा मात्र घेऊ नका. पिवळ्याला तांबूस तपकिरी, पांढऱ्याला निळसर करडा घ्या. काळ्याने रंग मळकट दिसतात.

पोस्टर कलरची बाजूही खरी आहे. पाच-सहा वर्षांचं मूल रंगवणार असेल, तर मी तेच देईन. चूक ओल्या बोळ्याने पुसता येते, कपडे धुऊन निघतात, ब्रश विसरला तरी वाचतो. ॲक्रिलिक ब्रशमध्ये वाळला की ब्रश गेलाच. ताटलीतही तो लगेच सुकतो, म्हणून ओल्या फडक्यावर बटर पेपर ठेवून त्यावर रंग काढायचा. तैलरंग पक्का खरा, पण वाळायला वेळ, टर्पेंटाइनचा वास आणि नको तेवढी चमक. दिवाळीच्या घाईत तो नको.

बारकावे किती करायचे? किल्ला आपण दोन-तीन हातांवरून उभ्याने बघतो. तिथून अंगरख्याची नक्षी दिसत नाही. चेहरा, कमरबंद आणि ढालीची कड दिसते. मी सगळा वेळ चेहऱ्याला देते. आधी डोळ्याच्या जागी गडद तपकिरी रेघ, तिच्यात पांढरा, मग टूथपिकच्या टोकाने बुबुळ, आणि ते वरच्या पापणीला टेकलेलं. मधोमध सुटं ठेवलं की मावळा दचकल्यासारखा दिसतो. यासाठी तीन शून्यांचा, म्हणजे अगदी बारीक ब्रशच हवा असं नाही. त्यात रंग इतका थोडा मावतो की चित्राला टेकेपर्यंत वाळतो. टोक नीट जुळणारा एक नंबरचा गोल ब्रश जास्त कामाचा.

रंग कुठलाही घ्या, भाजलेली माती पाणी ओढते. म्हणून आधी पांढऱ्याचा एक पातळ हात हवाच, नाहीतर पिवळा आणि लाल उठत नाहीत.

पोस्टर कलरनेच रंगवणार असाल, तर पूर्ण वाळल्यावर लांबून फवाऱ्याच्या वॉर्निशचे दोन हलके हात द्या. पाण्याचं वॉर्निश ब्रशने लावाल, तर तिथेच रंग ओघळेल. आणि ही चित्रं अळिवात न रोवता बुरुजावर, पायऱ्यांवर, झारीचं पाणी पोचणार नाही अशा जागी उभी करा.