रुंद फळ्यांचं लाकडी फ्लोअरिंग, अकरा महिन्यांनंतर: सगळं अडलं ते दरवाजातल्या १२ मिमीवर

मे महिन्यात याच फ्लोअरिंगला पाचपैकी दोन गुण दिले होते. ते मागे घेतो. फळी चांगली आहे. चुकलं ते बसवताना. बाल्कनीच्या दरवाजात १२ मिमीची फट सोडायला हवी होती, ती सोडली नाही. हे उलगडायला एक उन्हाळा आणि एक पावसाळा जावा लागला, म्हणून सविस्तर लिहितोय.

माल असा: इंजिनियर्ड ओक, फळी १९०० बाय १९० मिमी, जाडी १४, त्यात वरचा ओकचा थर ४, खाली प्लाय, क्लिक लॉक (फळ्यांच्या कडा जीभ-खाचेने एकमेकींत अडकतात). खोली १८ बाय १४ फूट, बडोद्यात मांजलपूरला दुसरा मजला, खाली जुनी कोटा दगडाची फरशी. पेटीत सहा फळ्या, म्हणजे २३.३ चौरस फूट. खोलीचे २५२ फूट, कापाकापीचे ८ टक्के धरून २७२, म्हणजे बारा पेट्या. तेरावी घ्याच. वर्षभराने एखादी फळी बदलायची झाली तर त्याच लॉटची छटा मिळत नाही, आणि मग एका फळीपायी अख्खी ओळ डोळ्यांत खुपते.

खालच्या तयारीबद्दल तक्रार नाही. सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी कोट्यावर फिरवून बघितली, दोन जागी ६ मिमीचे खड्डे निघाले, ते लेव्हलिंग कंपाउंडने भरले. सहा फुटांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका, नाहीतर पाय पडला की क्लिकची जीभ वाकते आणि वर्षभरात तुटते. ओल बघायला दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवलं, खाली दव धरलं नाही. मग पॉलिथिन, वर २ मिमीचा फोम. एकूण १६ मिमी उंची वाढते हे सुताराला आधीच सांगा. आमच्या दाराखाली दहाच मिमी जागा होती, तिन्ही दारं उतरवून रंधावी लागली.

बसवलं नोव्हेंबरात. एप्रिलपर्यंत काहीच नाही. एप्रिलअखेर टीव्ही युनिटपासून तिसऱ्या ओळीत एक सांधा उघडला, सरळ रेषेत, चार फूट लांब. एटीएम कार्डाची कड आत जात होती. दुपारी हवेत आर्द्रता २२ टक्के. दुकानदाराचा माणूस आला, लाकडी पुट्टी भरून गेला. काम साफ दिसलं, पण मी चिडून दोन गुण दिले, कारण चौरस फुटाला एवढे पैसे मोजून पहिल्याच उन्हाळ्यात फट पडावी हे पटत नव्हतं.

ऑगस्टमध्ये तीच जमीन बाल्कनीच्या दाराशी वर उचलली गेली. पायाने दाबली की सात मिमी खाली जायची, सोडली की परत वर, आणि खालून पोकळ आवाज. तेव्हा आर्द्रता ८५. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "पाणी सांडलं असेल, वॉरंटीत बसत नाही." फोटो बघून, घरी न येता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण हाच वाद प्रत्येक घरात होतो. वरून पाणी मुरलं किंवा खालून ओल आली तर प्रत्येक फळी वेगळी वाकते: कडा वर येतात, मध्ये खळगा पडतो. एका फळीवर आडवी स्टीलची पट्टी ठेवली की खाली उजेड दिसतो. आमच्याकडे प्रत्येक फळी सपाट होती, पट्टीखाली कागदसुद्धा सरकत नव्हता. उचललेला होता तो अख्खा पट्टा, तंबूसारखा. याचा अर्थ फळ्या फुगून पसरायला बघत होत्या आणि दोन्ही टोकांना त्यांना कोणीतरी धरून ठेवलं होतं.

स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, काढलं. भिंतीशी १२ मिमीची फट व्यवस्थित होती. मग धरलं कोणी? एका बाजूला टीव्ही युनिट. त्याच्या पायांचे स्क्रू फ्लोअरिंग भेदून थेट कोट्यात गेले होते. समोरच्या बाजूला बाल्कनीचा ग्रॅनाइटचा उंबरा. तिथे फळी टेकवून कापलेली, आणि सांध्यात टाइल्सचं ग्राउट दाबून भरलेलं. हे तरंगतं फ्लोअरिंग, खालच्या फरशीला कुठेच न चिकटवलेलं, म्हणजे खोलीभर एकच मोठा पाट, तो हलायलाच हवा. इथे तो दोन्हीकडून जखडलेला. उन्हाळ्यात आकसला तेव्हा जो सांधा कच्चा होता तो उघडला. त्यात पुट्टी भरली. पावसाळ्यात पसरला तेव्हा मिटायची जागा पुट्टीने खाल्लेली, मग वर उचलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणजे मेची तक्रार आणि ऑगस्टची तक्रार एकच होती.

आकडे बघा. हवेत २५ टक्के आर्द्रता असली की लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ५ टक्क्यांवर येतं, ८० टक्के झाली की १५ च्या पुढे जातं. पॉलिशमुळे घरात इतका फरक पडत नाही, चारच टक्के धरा. तरी १९० मिमी रुंदीची आडव्या चिरीची भरीव ओक फळी जवळजवळ २.८ मिमी हलते. तेवढीच सागवानी १.४. प्लायच्या उलटसुलट थरांमुळे इंजिनियर्ड फळी फार कमी हलते, पण २२ ओळींत फळीमागे पाव मिमी म्हटलं तरी साडेपाच मिमी झाले. दोन बाजूंच्या बारा-बारा मिमीत ते सहज मावतात. उंबऱ्याशी शून्य ठेवलं तर कुठे जातील?

दुरुस्ती तीन तासांची. युनिटचे स्क्रू काढून ते भिंतीला टांगलं. स्क्रूची भोकं युनिटखालीच झाकली गेली. पुट्टी कटरने खरवडली. उंबऱ्याशी मल्टिटूलने १२ मिमीची पट्टी कापली, भुसा व्हॅक्यूमने ओढून घेतला, कारण भुसा राहिला तर पुन्हा तेच. वर पितळी प्रोफाइल, म्हणजे फट झाकणारी पट्टी. ते फक्त उंबऱ्याला चिकटवायचं, फळीला नाही. मजुरी १८०० आणि प्रोफाइलचे ६५०, खिशातून. पट्टी कापताच दार उघडल्यावर वारा यावा तसा पट्टा खाली बसायला लागला, नवव्या दिवशी सात मिमीचा एक मिमी उरला. आज, ऑक्टोबरात, तोही नाही.

अजून निवडायचं असेल त्यांनी आपल्या हवेत सात इंच रुंदीत भरीव ओक घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. भरीवच हवं तर जुन्या वाड्यांतल्या तक्तपोशीसारखं सागवान, आणि तेही चार-पाच इंच रुंद. इंजिनियर्डमध्ये वरचा थर ३ मिमीच्या आत नको, नाहीतर पुढे घासून पॉलिश करता येत नाही. माल पेटीबंद दोन-तीन दिवस त्याच खोलीत आडवा ठेवा. दोन ओळींच्या आडव्या सांध्यांत निदान दहा इंच अंतर राखायला लावा.

पुसायला बादलीतलं निथळतं फडकं बंद, घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर, आधी कोरडा झाडू. ओरखडे पाण्याने पडत नाहीत, कणांनी पडतात. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, गच्चीवरून पायाला चिकटून आलेली काच पाजलेल्या दोऱ्याची कसपटं हे सगळ्यात वाईट. एका जानेवारीत दारापासून सोफ्यापर्यंत बारीक रेघांची वाट तयार झाली. रांगोळी उंबऱ्याबाहेरच काढा, ती दगडाची पूड आहे.

आता पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो दुकानदाराच्या छापील सूचनापत्रासाठी. त्यात भिंतीशी १२ मिमी सोडा असं लिहिलंय, पण चौकट, उंबरा आणि स्क्रूने जखडलेलं फर्निचर यांचा उल्लेखच नाही. बसवणाऱ्याने कागद पाळला, आणि कागदात नव्हतं तिथेच जमीन उचलली गेली. तुमच्याकडे काम सुरू असेल तर पैशांचा शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक दारात प्रोफाइल उचलून फटीत पट्टी घालून मोजा.