दारातले डेंगळे: पर्पल सेन्सेशन, ग्लोबमास्टर की मिलेनियम?

निफाडकडच्या माणसाला डेंगळा म्हणजे नुकसान. कांद्याला फुलाचा दांडा आला की तो कांदा चाळीत टिकत नाही, बाजारात कोणी धड भाव देत नाही. त्यामुळे बाबा पहिल्यांदा मे महिन्यात न्यू जर्सीला आले तेव्हा आमच्या दारातल्या जांभळ्या गोंड्यांपुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "अगं, हे तर डेंगळे! विकत आणलेस?" विकतच आणले होते. कंद केवढ्याला पडला ते मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बाबांचं चुकलं नव्हतं. इथे ज्याला अ‍ॅलियम म्हणतात तो शोभेचा कांदा आपल्या कांद्या-लसणाच्याच कुळातला. पात चुरगाळली की वासावरून लगेच कळतं. आणि त्या वासापायीच मी याच्या नादी लागले. आमच्याकडे ट्यूलिप लावणं म्हणजे हरणांना पंगत वाढणं. पहिल्या वर्षी लावलेल्या ट्यूलिपच्या कळ्या एका रात्रीत गेल्या, नुसते देठ उरले. अ‍ॅलियमला हरणं सहसा तोंड लावत नाहीत, खारीसुद्धा कंद उकरत नाहीत.

दर सप्टेंबरात ओळखीच्या दोघी-तिघी तरी विचारतात, कोणता घेऊ? बहुतेकींनी फोटोत ते डोक्याएवढे गोळे पाहिलेले असतात आणि मनात ग्लोबमास्टर ठरलेला असतो. माझ्या वाफ्यात पर्पल सेन्सेशन, ग्लोबमास्टर आणि मिलेनियम या अ‍ॅलियमच्या तिन्ही जाती आहेत. माझं मत असं की गोळा किती मोठा ते शेवटी बघा, आधी पात बघा.

कारण मोठ्या अ‍ॅलियमची एक खोड दुकानदार फोटोत दाखवत नाही. दांडा वर येऊन गोळा उमलायला लागतो नेमकी तेव्हाच खालची पात टोकाकडून पिवळी पडते. वर झुंबर आणि खाली वाळक्या पातीचा पसारा. हात शिवशिवतात, पण हिरवी असेतो ती कापायची नाही; पुढच्या वर्षीचं फूल त्या पातीच्या जिवावर कंदात तयार होत असतं. उपाय एकच, पुढे काहीतरी भरगच्च लावायचं. मी जिरॅनियम आणि डे-लिली लावल्या आहेत. मेच्या मध्यापर्यंत त्या फुटभर वाढतात आणि पात झाकून टाकतात. वाफ्यात पुढे काहीच लावायचं नसेल तर पर्पल सेन्सेशन घेऊ नका, असं मी सरळ सांगते.

एरवी मात्र पहिल्यांदा लावणाऱ्यानं तेच घ्यावं. अडीच-तीन फुटांचा ताठ दांडा, वर तीन-चार इंचांचा गर्द जांभळा गोळा, आमच्याकडे मेच्या मध्याला. ट्यूलिप संपलेले असतात आणि गुलाब यायचे असतात, त्या मधल्या रिकाम्या दिवसांत तो येतो. कंद स्वस्त, त्यामुळे दहा-बारा एकदम लावता येतात. आणि हा एकटादुकटा शोभत नाहीच, घोळका हवा. त्याचं बी मात्र पडतं. आजूबाजूला गवतासारखी रोपं उगवतात, त्यांना फुलायला काही वर्षं लागतात आणि रंग बहुधा फिकट निघतो. नको असेल तर बी पिकायच्या आत गोंडे कापून घ्यावेत. वाळवून फुलदाणीत छान दिसतात.

ग्लोबमास्टर हा संकर आहे, बी धरत नाही. म्हणूनच त्याचं फूल जास्त दिवस टिकतं, महिनाभर सुद्धा. गोळा आठ इंचांच्या आसपास, आमच्याकडे मेअखेर ते जून. पातही पर्पल सेन्सेशनपेक्षा बरी राहते. मग अडचण कुठे? पैशांत. त्याच्या एका कंदाच्या किमतीत मला पर्पल सेन्सेशनचे सात-आठ कंद आले होते. तीन तरी लावावेत; एकच लावला तर अंगणात कोणीतरी मायक्रोफोन उभा करून ठेवल्यासारखा दिसतो. छोटं अंगण आणि दारासमोर एकच ठळक गोष्ट हवी असेल तर खर्च वसूल होतो. भाड्याच्या घरात नको.

मिलेनियमची गोष्टच निराळी. तो कंदाच्या पिशवीत नाही, कुंडीतल्या रोपाच्या रूपात मिळतो. इंग्रजी स्पेलिंगात एकच 'एन' आहे, शोधताना लक्षात ठेवा. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्क मॅकडोनो यांनी तो तयार केला, आणि 2018 सालचा 'पेरेनिअल प्लांट ऑफ द इयर'चा मान त्याला मिळाला. उंची जेमतेम सव्वा-दीड फूट, गोळे दोनच इंचांचे, रंग गुलाबीकडे झुकणारा जांभळा. फोटोत कोणाचं लक्ष जाणार नाही. पण पात वसंतापासून थंडीपर्यंत हिरवीगार, चकचकीत. फुलं येतात जुलै-ऑगस्टात, म्हणजे उन्हानं बाकीचा वाफा मलूल झालेला असतो तेव्हा. दुपारी तिथे उभं राहिलं तर एकेका गोंड्यावर चार-पाच मधमाश्या, आणि फूल त्यांच्या वजनानं हलकंसं झुलत असतं. बी फारसं पडत नाही. तीन-चार वर्षांनी गड्डा फोडून एकाची चार रोपं करता येतात. माझ्याकडची निम्मी आता शेजारणींच्या दारात आहेत.

लावणीत एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. पन्हाळीचं पाणी उतरतं तिथल्या सखल कोपऱ्यात मी डझनभर कंद पुरले. मध्य जर्सीची माती आधीच चिकण. वसंतात काहीच उगवलं नाही म्हणून उकरलं तर कागदासारख्या सालीत नुसता तपकिरी चिखल, आणि कांदाचाळीत एखादा कांदा सडल्यावर येतो तोच वास. अ‍ॅलियमला थंडी चालते, ओल चालत नाही. निदान सहा तास ऊन, निचऱ्याची जागा, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोली, आणि लावणी ऑक्टोबरात किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. मिलेनियमचं रोप वसंतात लावलं तरी चालतं. घरात कुत्रं-मांजर असेल तर लक्ष ठेवा, कांद्याचं हे सगळंच कूळ त्यांना विषारी.

मला आज शंभर डॉलर देऊन कोरा वाफा दिला तर मी मिलेनियमची तीन रोपं पुढे लावीन, पर्पल सेन्सेशनचे पंधरा कंद मागे. मेमध्ये मिलेनियमची पात मागच्यांचा पसारा झाकते आणि जुलैत त्याचीच फुलं येतात. ग्लोबमास्टर पुढच्या वर्षी, पैसे उरले तर.

पुण्या-नाशिकहून मैत्रिणी हेच कंद पाठव म्हणतात. नका मागवू. या मोठ्या अ‍ॅलियमना फुलण्यासाठी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. फ्रीजमध्ये ठेवून ती दिली तरी पुढचा उन्हाळा त्यांना सोसत नाही. तिकडे चिनी लसूणपात लावा, पांढऱ्या चांदण्यांचे झुबके येतात आणि पात भाजीतही पडते. नाहीतर बाबांसारखं करा. इथून परत गेल्यावर त्यांनी दिवाळीच्या सुमारास टोपलीतला कोंब फुटलेला एक कांदा गॅलरीतल्या कुंडीत खोचला. फेब्रुवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला: कमरेएवढा दांडा, पांढराशुभ्र गोंडा, त्यावर एक मधमाशी. खाली लिहिलं होतं, "फुकट."