जिप्सीत बलेनोचं १.६ : लोखंडी काम पक्कं, धुराचं काम कच्चं

जुन्या जिप्सीला मोठं इंजिन बसवून देणारी गॅरेजं बेळगावच्या उद्यमबागेच्या आसपास आहेत. त्यांतल्याच एका गॅरेजच्या पॅकेजबद्दल हे. १९९६ ते २००० च्या दरम्यानची कार्ब्युरेटरवाली १.३ लिटरची जिप्सी द्यायची, तिच्यात जुन्या मारुती बलेनो सेडानचं १.६ लिटरचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन बसवून मिळतं आणि वर 'एमिशन', म्हणजे धुराची तपासणी, 'पास करून देतो' असं तोंडी आश्वासन. फिटिंगला आमच्याकडून दहापैकी नऊ. धुराच्या कामाला पाच. कागदपत्रांना शून्य, कारण ते काम पॅकेजमध्ये नाहीच.

जोडी मात्र नीट निवडलेली आहे. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या जी मालिकेतली, त्यामुळे जिप्सीची बेल हाउसिंग (गिअरबॉक्स इंजिनला जोडणारं आवरण) बलेनोच्या ब्लॉकला लागते आणि अडॅप्टर प्लेटचा खर्च वाचतो. बोअर ७४ चा ७५ मिमी होतो, म्हणजे जवळपास तोच. खरा फरक स्ट्रोकमध्ये, ७५.५ चा थेट ९० मिमी. म्हणून १२९८ सीसीचे १५९० सीसी होतात आणि ६० बीएचपीच्या जागी ९४ च्या आसपास ताकद येते. जांबोटीच्या पुढे चोर्ल्याच्या चढाला चार माणसं आणि सामान घेऊन जाणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. पण लांब स्ट्रोकमुळे ब्लॉक उंच होतो. बॉनेटखाली एअर इनटेकची नळी घासते का, ते गाडी ताब्यात घेण्याआधी बॉनेट हळूच टेकवून बघा.

बलेनोत इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं. त्यामुळे बलेनोचा सम्प (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) जसाच्या तसा ठेवला तर तो पुढच्या ॲक्सलवर आपटतो. इथे सम्प कापून नव्याने वेल्ड केला जातो आणि ऑइल पिकअपची नळीही त्याप्रमाणे वळवतात. या कामात उद्यमबागेचा हात धरणारं कोणी नाही. सम्पमध्ये रॉकेल भरून रात्रभर गळती तपासतात, माउंटिंगचे ब्रॅकेट जाड पत्र्याचे आणि मापात, क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंगची जागा लेथवर नीट करून घेतलेली. क्लचची डिस्क निवडतानाही चूक नाही: व्यास फ्लायव्हीलप्रमाणे, स्प्लाइन जिप्सीच्या शाफ्टप्रमाणे. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि क्रँकचं मागचं ऑइल सील इंजिन बाहेर असतानाच बदलतात. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून कागदावर लिहून देतात, तो कागद मागून घ्या. सिलिंडरमध्ये एका किलोहून जास्त फरक असेल तर ते इंजिन घेऊच नका.

पेट्रोलच्या लाइनमध्ये थोडी काटकसर दिसते. कार्ब्युरेटरला अर्ध्या बारपेक्षाही कमी दाब पुरतो, इंजेक्टरला अडीच ते तीन बार लागतो. पंप आणि फिल्टर बदलतात, पण काही ठिकाणी जुनाच रबरी पाइप राहतो. तो दाब सोसत नाही, आधी घाम धरतो आणि मग फुटतो. सगळी लाइन इंजेक्शनच्या पाइपची आणि परतीची लाइन टाकीपर्यंत, असं आधीच ठरवून घ्या. टाकीत आडवे पडदे नसतील तर पेट्रोल कमी असताना घाटाच्या वळणावर इंजिन भुकेलं राहून झटके देतं. त्याचा इलाज म्हणजे पंपासाठी थोडं पेट्रोल राखून ठेवणारी छोटी सर्ज टाकी, आणि ती वेगळी मागावी लागते.

आता धूर. सीमेपलीकडे कोल्हापुरात ज्याला पीयूसी म्हणतात त्याला आपल्याकडे सगळे एमिशन म्हणतात, मोजायची रीत तीच. बीएस-२ (भारत स्टेज-२) च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (न जळालेले हायड्रोकार्बन) १५०० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस-२ आणि बीएस-३ ला मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. आरसीवरचं साल जुनं, म्हणून ही गाडी ३ टक्क्यांच्या रांगेत उभी राहते. गॅरेजवाले याच सवलतीवर विसंबून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) काढून ठेवतात आणि साधा पाइप जोडतात. चिठ्ठी मिळते, पण एमपीएफआय इंजिन धडधाकट आणि कन्व्हर्टर जागेवर असेल तर त्याने ०.५ च्या आतच राहायला हवं. ३ टक्क्यांवर 'पास' म्हणजे इंजिन आजारी आहे आणि कोणी विचारलेलं नाही.

सीओ चढतो त्याची कारणं बहुतेक वेळा तीन. पहिलं, ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच्या फ्लँजमध्ये फट. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, इसीयू (इंजिनचा संगणक) आणखी पेट्रोल ओततो. अशा वेळी चार वायूंच्या यंत्रावर ओटू (ऑक्सिजन) एक टक्क्याच्या वर दिसतो. दुसरं म्हणजे आपल्याकडची जुनी खोड: 'गाडी तापू नये' म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं. मग पाणी ८० अंशांवर जातच नाही, इसीयू इंजिन थंडच समजतो आणि गाडी कायम जास्त पेट्रोल जाळते. तिसरं, कॅट (कन्व्हर्टर) बसवला तरी फार मागे, थेट सीटखाली. तो साधारण अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून मॅनिफोल्डच्या जवळच हवा. सीओ ठीक असून एचसीच चढत असेल तर प्लग, वायरी आणि मिसफायर बघा. तपासणीआधी पंधरावीस मिनिटं गाडी चालवलेली असावी. २५०० आरपीएमवर सेन्सरच्या वायरीला मीटर लावला की ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये आकडा सतत हलत राहिला पाहिजे. एका जागी चिकटला तर त्या दिवशी एमिशनला जाऊ नका.

वायरिंग ही या पॅकेजची कमजोर बाजू. इसीयूला गाडीच्या वेगाचा सिग्नल लागतो आणि जिप्सीचा मीटर केबलवर चालतो. त्यासाठी रीड सेन्सर (केबलच्या फिरण्यावरून सिग्नल देणारा) न लावता गाडी दिली, तर थांबताना आयडल पडून इंजिन बंद पडतं. बलेनोला इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर इसीयूसोबत त्याचं युनिट आणि चावी दोन्ही आली पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा डॅशवर जोडून द्यायला सांगा. तो न जोडणं ही लबाडीच.

'आरटीओचं बघून घेऊ' यावर भरवसा ठेवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील मूळ कंपनीच्या तपशिलापासून बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. १.३ च्या जागी १.३ असेल तर नवा इंजिन नंबर चढवून घेणं समजू शकतं. सीसी बदलली की मंजुरी गृहीत धरता येत नाही. म्हणून जुनं इंजिन खाली उतरवण्याआधी केए-२२ च्या, म्हणजे बेळगावच्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारा. एमएच-०९ पासिंगच्या गाडीला कोल्हापूरची पायरी चढावी लागेल. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं, तेव्हा निरीक्षक चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतो. नंबर जुळला नाही तर एमिशनची चिठ्ठी तिथे काही कामाची नाही. विनापरवाना फेरफाराला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि विमा कंपनीला कळवलं नसेल तर अपघाताच्या दाव्यात वाद ठरलेला.

मंजुरी नाकारली तर याच गॅरेजकडून जिप्सीचंच १.३ सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन, ८० बीएचपीचं, बसवून घ्यावं. सम्प कापायला लागत नाही, सीसी तीच राहते. आणि दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी बिलावर इंजिन नंबर, ते ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत आणि कन्व्हर्टर बसवल्याची ओळ, या तीन गोष्टी आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.